दाभोळच्या वीजकरारात अमेरिकी सरकारला एवढे स्वारस्य का होते?

वीजग्राहक :
रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ वीज प्रकल्पाविषयी वाचताना एक गोष्ट खटकत राहते. वीजखरेदीचा करार झाला तो महाराष्ट्र राज्य वीज मंडळ आणि एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा उद्योगाची कंपनी यांच्यात. मग त्यात अमेरिकेचे व्यापारमंत्री, राजदूत आणि 2001 मध्ये तर थेट उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी लक्ष घालण्याचे कारण काय? मायदेशातील उद्योगांसाठी शब्द टाकणे हे दूतावासाचे कामच असते, असे सांगितले जाते. ते मान्य केले, तरी शब्द टाकणे कोठे संपते आणि दबाव कोठे सुरू होतो? जाणकारांनी कृपया लिहावे.

हिशोबतपासनीस :
दूतावासाआधी कर्जाचे कागद पाहावेत. जागतिक बँकेने 1993 मध्ये हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नसल्याचे सांगून अर्थसाह्य नाकारले. त्यानंतर पहिल्या टप्प्यासाठी निर्यातीला कर्ज देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी एक्झिम बँकेने सुमारे 30 कोटी डॉलर दिले, तर ओपिक या सरकारी संस्थेने कर्जही दिले आणि राजकीय जोखमीचा विमाही उतरवला. प्रकल्प बुडाला तर झळ वॉशिंग्टनच्या तिजोरीलाही बसणार, हे तेव्हाच ठरून गेले. त्यामुळे ‘एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू’ म्हणत शिवसेना-भाजप युती राज्यात सत्तेवर आली, तेव्हा करार रद्द होण्याच्या दोन महिने आधीच, जून 1995 मध्ये, अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने बजावले की करार मोडल्यास भारतातील इतर खाजगी वीज प्रकल्पांचे अर्थसाह्यही धोक्यात येईल.

आपल्याकडची बाजूही निराळी नव्हती. मंडळाने बिल थकवले तर राज्याने भरायचे आणि राज्याने थकवले तर केंद्राने, अशी प्रतिहमी होती. रद्द झाल्यावर पुन्हा वाटाघाटी करून ठरलेल्या सुधारित करारासाठी या प्रतिहमीला वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारने मंजुरी दिली ती 27 मे 1996 रोजी, लोकसभेत विश्वासदर्शक ठरावावर चर्चा सुरू असताना! दोन्ही टोकांना सरकारे अशी बांधली गेल्यावर करार खाजगी राहतो तो नावापुरताच, आणि त्यात राजदूत बोलणारच.

गुहागरकर :
वरील हिशोब बरोबर आहे, पण जोखीम अखेर कोणाच्या गळ्यात पडली हे त्यात आलेले नाही. मंडळाने वीज उचलली नाही, तरी वीजकेंद्र चालू स्थितीत आहे एवढ्यावर स्थिर आकार भरावाच लागे. त्यातला मोठा भाग डॉलरशी जोडलेला, रुपया घसरत होता आणि इंधन म्हणून नाफ्था हे महागडे पेट्रोलियम उत्पादन. ज्यांनी हा करार कधी वाचलाही नाही, त्या वीजग्राहकांवर हा बोजा येणार होता. आमच्या तालुक्यात वेलदूर, अंजनवेल परिसरातील विरोधकांवर जी पोलिसी कारवाई झाली, तिच्यावर ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने 1999 मध्ये अहवाल काढला आणि प्रकल्पाला पैसा पुरवणाऱ्या अमेरिकी संस्थांनाही दोष दिला. राजदूत फ्रँक विस्नर हे पद सोडल्यावर त्याच वर्षी, 1997 मध्ये, एन्रॉनच्याच एका उपकंपनीच्या संचालक मंडळावर गेले. ‘शब्द टाकणे’ म्हणतात ते हेच असावे.

तिऱ्हाईत :
दबाव होता हे खरे, पण त्याने साधले काय? मंडळाने मे 2001 मध्ये वीज घेणे थांबवले, जूनमध्ये चेनींनी तेव्हाच्या विरोधी पक्षनेत्या सोनिया गांधींकडे विषय काढला आणि डिसेंबरमध्ये एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. ज्या गोष्टीने भारत सरकारला खरोखर गाठले ती होती विमा, कारण ओपिकने विम्याचे दावे भागवल्यावर त्या रकमेसाठी अमेरिकी सरकारने 2004 मध्ये भारताविरुद्ध लवादाची मागणी केली. पुढच्या वर्षी तडजोडी झाल्या आणि प्रकल्प एनटीपीसी व गेल या भारताच्या सरकारी कंपन्यांच्या नव्या कंपनीकडे आला.

आता आपणही दुसऱ्या बाजूला बसलो आहोत. बांगलादेशात सुंदरबनजवळच्या 1320 मेगावॉटच्या रामपाल वीजकेंद्रात निम्मी मालकी एनटीपीसीची, उभारणी भेल या भारताच्या सरकारी कंपनीची, आणि कर्ज भारताच्या एक्झिम बँकेचे, तेही 1.6 अब्ज डॉलरचे आणि बांगलादेश सरकारच्या हमीवर. तेथील विरोधकांना ढाक्यातील भारतीय उच्चायुक्तालयाविषयी नेमका मूळ धाग्यातलाच प्रश्न पडत असेल, तर त्यांना काय उत्तर द्यायचे हेही येथे कोणी लिहावे.