डबल फाइनचा 'कॉस्च्युम क्वेस्ट' संपला, पोट्टं ऐकून नाई राहिलं. आता कोणता उतरवू?

झेरॉक्सवाला_मारेगाव

रामराम मंडळी.

मारेगाव तालुक्यात आमचं गाव, अन् गावात माझं झेरॉक्सचं दुकान. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचे दाखले, हेच काम. दुकानातला लॅपटॉप जुना हाये. 4 जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाई. त्याच्यावर मी अन् माझ्या पुतण्यानं (तिसरीत हाये) मिळून डबल फाइन नावाच्या स्टुडिओचा 'कॉस्च्युम क्वेस्ट' हा कॉम्प्युटर गेम संपवला. आता पोट्टं शाळेतून आलं का दप्तर काउंटरवर फेकते अन् विचारते, "काका, त्या लोकायचा दुसरा?"

ज्याले हा गेम माहीत नाई त्याच्यासाठी थोडक्यात. रेन अन् रेनॉल्ड, दोघं जुळे भाऊबहीण. नवीन गावात राहाले आले, अन् हॅलोविन आला. वेश करून दारोदार फिराचं, गोळ्या-चॉकलेट मागाचं. त्यातल्या एकाले गोळीचाच वेश घातला असते, तं राक्षसाले वाटते का एवढी मोठी गोळी! घेतो उचलून अन् पळतो. दुसऱ्यानं मग शोधाचं. दार ठोठावलं का एक तं माणूस निघते अन् खाऊ देते, नाई तं राक्षस निघते अन् लढाई लागते. लढाईत पुठ्ठ्याचा रोबोट खराखुरा होते, घराएवढा.

हॅलोविन म्हणजे काय हे पोट्ट्याले समजवाची गरजच नाई पडली. म्हणे, "तान्हा पोळाच हाये ना काका, फक्त बैल नाई." बरोबरच हाये. आपल्याकडं पोट्टे लाकडी बैल ओढत घरोघर जातात अन् बोजारा घेतात, तिकडं झोळी घेऊन जातात.

ह्या गेममध्ये कोनी बोलत नाई, सगळं लिहून येते, अन् तेही इंग्रजीत. म्हणून मी वाचतो अन् वऱ्हाडीत बोलतो. राक्षसाचा आवाज मी आमच्या चक्कीवाल्यासारखा काढतो. एकदा चक्कीवाला झेरॉक्स काढाले आला अन् मागं उभा राहून ऐकत होता. काई बोलला नाई, पण त्या दिवसापासून दळण उशिरा देऊन राहिला.

यंदाच्या तान्ह्या पोळ्याले बाकी पोट्टे शेतकरी नाई तं शिवाजी महाराज बनले. आमचा फवारणी पंपाच्या खोक्यात डोकं घालून रोबोट बनला अन् बैल ओढत निघाला. तिसऱ्या घरी बंद दारापुढं थांबला. मी म्हटलं, "ठोठाव ना बे." तं खोक्याच्या भोकातून हळूच म्हणते, "काका, इथून राक्षस निघाला तं?" आजीनं दार उघडलं, दहा रुपये अन् करंजी दिली. तरी पोट्टं दोन पावलं मागं होतं.

तं प्रश्न असा: ह्याच स्टुडिओचा, ह्या लॅपटॉपवर चालणारा, दिवसाच्या दीड जीबी डेटात तीन-चार दिवसांत उतरणारा गेम कोणता? फुकटचा सांगू नका. पहिल्यांदा तालुक्याच्या एका दुकानदारानं पेनड्राइव्हवर 'पूर्ण गेम' भरून दिला होता. त्यात गेम नव्हता, व्हायरस होता, अन् चाळीस शेतकऱ्यायचे भरलेले फॉर्म गेले. सगळे पुन्हा भरले, रात्री जागून. तेव्हापासून स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) सेल लागला का विकत घेतो, यूपीआय चालते.

पऱ्हाटी_अन्_पॅड (अकोट)

डोळे झाकून 'स्टॅकिंग' घ्या भाऊ. 2011 चा हाये, पुढच्या वर्षी कॉम्प्युटरवर आला. तुमच्या लॅपटॉपले झेपते, मी त्याच्याहून भंगार मशीनवर खेळलो.

लाकडी बाहुल्या असतात ना रशियाच्या, एकीत एक बसणाऱ्या? सगळं गाव त्यायचंच. तुम्ही सगळ्यात लहान, चार्ली नावाचा. घरचे कर्जापायी कामाले जुंपलेले, त्यायले सोडवाचं. तुमच्याहून एकाच मापानं मोठी बाहुली असली तरच तिच्यात शिराचं, तेही मागून. मग तिच्यातून तिच्याहून मोठीत. अशी उतरंड लावत जाचं. प्रत्येक बाहुलीचा एक गुण. एक बाहुली पादते. तुमच्या पुतण्याचं बाकी सगळं राहील, तो तिच्यातच बसून राहील, सांगून ठेवतो.

झेरॉक्सवाला_मारेगाव

पादणारी बाहुली! आता हे त्याले सांगू का नको? पण भाऊ, वाचाचं लय हाये का त्याच्यात?

झेडपीच्या_मॅडम (वर्धा जिल्हा)

दादा, 'स्टॅकिंग'मध्येही आवाज नाही. मूकपटासारख्या पाट्या येतात, त्या तुम्हालाच वाचाव्या लागतील. चक्कीवाल्याला दुकानापासून लांब ठेवा.

पण मी पऱ्हाटीभाऊंच्याच बाजूची. आमच्या शाळेत टीव्ही आहे, एका शनिवारी दुपारी चौथीच्या मुलांना दाखवला. त्यात एकाच अडचणीतून सुटायच्या दोन-तीन वाटा असतात. पहारेकरी आत सोडत नाही, तर त्याला भुलवा, नाहीतर दुसरीकडून शिरा. मला एक वाट सापडली आणि मी पुढे जायला निघाले, तर मागच्या बाकावरचा एक मुलगा, वर्षभरात ज्याने हात वर केला नव्हता, तो म्हणाला, "मॅडम, दुसरीकून बी जाता येते." आणि येत होतं. मग प्रत्येक ठिकाणी सगळ्या वाटा शोधल्याशिवाय मुलं मला हलू देईनात. शाळा सुटायची वेळ टळून गेली.

'कॉस्च्युम क्वेस्ट' मलाही आवडतो, पण त्याच्या लढाया शेवटी शेवटी त्याच त्या होतात, हे कबूल करा. पुतण्याने नाही, तुम्ही.

झेरॉक्सवाला_मारेगाव

कबूल, मॅडम. गेममधल्या मॉलनंतर मी फक्त बटन दाबत होतो. तो मात्र प्रत्येक लढाईले स्टुलावर उभा राहत होता.

सायको_नागपूर

लोक छोट्या गेम्सवरच अडकले आहेत. डबल फाइन समजून घ्यायचा असेल तर 2005 चा 'सायकोनॉट्स' आणि 2021 चा दुसरा भाग खेळाच. लोकांच्या डोक्यात शिरून त्यांच्या मनातली जगं फिरायची.

बाकी हे छोटे गेम आले कसे, तेही ऐका. 'ब्रूटल लेजंड' या मोठ्या गेमचं काम चालू असताना स्टुडिओचा संस्थापक टिम शेफरने नेहमीचं काम दोन आठवडे थांबवलं आणि लोकांना छोट्या गटांत वाटून नव्या गेमचे नमुने करायला लावले. त्याला ते अॅम्नेशिया फोर्टनाइट म्हणतात, म्हणजे पंधरा दिवस हातातलं काम विसरायचं. पुढे 'ब्रूटल लेजंड'चा दुसरा भाग रद्द झाला, स्टुडिओ अडचणीत आला, तेव्हा तेच नमुने कामाला आले. एका मोठ्या गेमऐवजी चार छोटे. 'कॉस्च्युम क्वेस्ट' टाशा हॅरिसचा, त्या आधी अॅनिमेशन सिनेमे करणाऱ्या पिक्सारमध्ये अॅनिमेटर होत्या. 'स्टॅकिंग' ली पेटीचा.

आणि स्टुडिओचं नाव? गोल्डन गेट पुलावरच्या दुप्पट दंडाच्या, म्हणजे इंग्रजीत 'डबल फाइन'च्या, पाटीवरून.

झेरॉक्सवाला_मारेगाव

सायकोभाऊ, तो दुसरा भाग उतरवाले बसलो तं तूर निघून जाईन अन् डाउनलोड चालूच राहीन. पण माहिती लय भारी. पंधरा दिवस कापूस सोडून दुसरंच पेरून पाहाचं, असं काईसं झालं हे. आमच्याकडं कोनी करून दाखवावं!

पऱ्हाटी_अन्_पॅड (अकोट)

अन् 2012 ची वर्गणी राहिलीच की. डबल फाइननं किकस्टार्टरवर (लोकायकडून वर्गणी जमवाची वेबसाइट) नव्या गेमसाठी 4 लाख डॉलर मागितले, 33 लाखांच्या वर जमले, 87 हजारांवर लोकायनं दिले. त्यातूनच 'ब्रोकन एज' झाला. आमच्या मंडळाले गणपतीची वर्गणी मागाले तीन चकरा माराव्या लागतात, तेव्हा पन्नास रुपये सुटतात.

सायको_नागपूर

तेही पुरले नाहीत. गेम दोन भागांत आला, 2014 आणि 2015 मध्ये. पण चांगला झाला.

पुतण्याला इंग्रजी येत नसेल तर खरा गेम 2025 चा 'कीपर', तोही पेटीचाच. एक दीपगृह उठून चालायला लागतं, सोबत एक पक्षी. संवाद एकही नाही. तुमच्या लॅपटॉपवर चालणार नाही, हे माहीत आहे. लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

टॉवरखाली_उभा (वणी)

डेटाचं मी सांगतो. स्टीममध्ये डाउनलोड मधातच थांबवता येते, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं सुरू होते. लाइन गेली तरी घाबरू नका. नाई तं वणीले कोनाकडं फायबर असन, तिथं तुमच्या खात्यातून उतरवून स्टीमचाच बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या अन् घरी टाका. हा पेनड्राइव्ह तुमचा सोताचा असला म्हणजे झालं.

झेरॉक्सवाला_मारेगाव

'स्टॅकिंग' घेतला मंडळी. तीन रात्रीत उतरला, टॉवर फक्त दुकानाच्या टिनावर सापडते म्हणून मोबाइल तिथं बांधून ठेवला होता.

रात्री पहिलं स्टेशन खेळलो. सकाळी आई ओरडून राहिली का दुधाचा गंज (पातेलं) कुठं गेला. पोट्ट्यानं घरातले सगळे गंज एकात एक घालून कोपऱ्यात उभे केले होते, अन् दुधाचा मधातल्या कोनत्यात हाये ते सांगाले तयारच नाई. म्हणे, "आजी, मागून शिर."