जैसलमेर की कच्छचं छोटं रण? पाच दिवस आणि माळढोकवेडे बाबा

मेघना_बार्शी

नमस्कार. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जोडून पाच दिवस सुट्टी मिळतेय आणि बाबांना कुठेतरी न्यायचंय. बाबा ७२ वर्षांचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर, डावा गुडघा कुरकुरतो. सोलापूर-बार्शी रूटवर असताना सुट्टीच्या दिवशी नान्नजच्या माळढोक अभयारण्यापाशी उतरून माळढोक बघत बसायचे. सांगायची पद्धत ठरलेली, "आधी हूम ऐकू येतो, मग पक्षी दिसतो." मला लहानपणी दोनदा नेलं. दोन्ही वेळा मोजेभर कुसळं घेऊन घरी आले, पक्षी काही नाही. आता तर नान्नजला दिसायची आशाच उरली नाही.

म्हणून जैसलमेरचं डेझर्ट नॅशनल पार्क डोक्यात आहे. भाऊ म्हणतो, त्यापेक्षा कच्छचं छोटं रण कर, रानगाढवं हमखास दिसतात आणि अहमदाबादपासून जवळ आहे. पेपरातलं माळढोकाचं एक कात्रण बाबा एसटीच्या पासामागे घडी घालून ठेवतात, हे भावाला माहीत नाही.

दोन्ही एकाच ट्रिपमध्ये जमेल का? थंडी, गुडघा, धक्के यांबद्दल अनुभवातून सांगा प्लीज.

कडूलिंब

दोन्ही अजिबात नको, निम्मे दिवस प्रवासातच जातील. छोटं रण करा. अहमदाबादहून दसाडा-झैनाबादकडे साधारण दोन तासांत पोचता, पुढे सगळं जीपमधून. जमीन कॅरम बोर्डासारखी सपाट, गुडघ्याला काही त्रास नाही. फक्त अवकाळी पाऊस पडून गेला असेल तर आत जाऊ नका, आमची जीप दीड तास चिखलात रुतून बसली होती.

मिरज_जंक्शन

मेघनाताई, मी रेल्वेत गार्ड होतो, त्यामुळे तुमच्या बाबांचं आणि माझं जमेल. दोन्हीकडे जाऊन आलोय. रणात दोनदा, जैसलमेरला एकदा.

आधी एक गंमत. डेझर्ट नॅशनल पार्क हे नावालाच नॅशनल पार्क, कागदोपत्री ते अभयारण्य आहे. ३,१६२ चौ. किमी, आत गावं, ढाण्या (वाड्या), शेळ्यामेंढ्या सगळं. ताडोबासारखं गेट आणि जिप्सींची रांग डोळ्यांपुढे आणू नका. छोटं रण त्याहून मोठं, जवळजवळ ५,००० चौ. किमी, तेही अभयारण्यच. तेव्हा नावावर जाऊ नका.

रणाबद्दल कडूलिंब म्हणतात ते बरोबर. १९६० च्या दशकात साथीच्या रोगाने रानगाढवं काहीशेच उरली होती, २०२४ च्या गणतीत ७,६७२ भरली. न दिसणंच अवघड. आमच्या जीपवाल्याने फोटो चांगला येईल म्हणून कळपामागे गाडी पिटाळली. मी ओरडून थांबवायला लावली, तर बायको म्हणाली, "इथेही लाल झेंडा दाखवलात." पण मला रणात गाढवांपेक्षा मीठ लक्षात राहिलंय. एक अगरिया बाई (तिकडे मीठ पिकवणारे लोक) लाकडी दंताळ्याने मिठाचा थर हलवत होती. पोटऱ्यांपर्यंत पांढरी पुटं, टाचांच्या भेगांत मीठ. पायाखाली पाणीच पाणी, पण प्यायचं टँकरने येतं. आम्हाला मात्र चहा दिला.

आता जैसलमेर. माळढोक आज देशात दीडशेच्या आतच उरलेत आणि त्यातले बहुतेक याच जिल्ह्यात. तरी "जाऊ आणि बघू" असं समजू नका. मी पार्कातल्या सुदासरीच्या बाजूला दोन सकाळी घालवल्या (परवानगी जैसलमेरला वनखात्याकडून घ्यावी लागते, ते आधी उरकून घ्या). पहिल्या दिवशी चिंकारा, गिधाडं, एक कोल्हा. दुसऱ्या दिवशी उन्हं वर येत असताना वनरक्षक म्हणाला, "वो खेजड़ी के बायें." (खेजडी म्हणजे आपली शमी.) मी दुर्बिणीतून बघतो तर सेवण गवतात एक मैलाचा दगड. म्हटलं हा रस्ता सोडून इथे कुठे? मग तो दगड चालायला लागला. मान पांढरी, पाठ गवतात मिसळलेली. सात-आठ मिनिटं चालत राहिला, मग उतारामागे गेला. फोटो नाही. अंतर एवढं की मोबाइल खिशातून काढायचीसुद्धा लाज वाटली.

हूम मात्र ऐकू येणार नाही. नराचं ते हुंकारणं आणि गळ्याची पिशवी फुगवून नाचणं उन्हाळा-पावसाळ्यातलं. बाबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते कान लावून बसतील.

आणखी एक सांगून ठेवा. वाटेत सगळीकडे पवनचक्क्या आणि विजेच्या तारा दिसतील. काही तारांवर भिंगऱ्या लावल्यात, पक्ष्याला तार दिसावी म्हणून. मोठा नर पंधरा किलोपर्यंत भरतो, डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळे नाकासमोरचं नीट दिसत नाही, आणि दिसेपर्यंत वळायला जागा उरलेली नसते. लोड भरलेली गाडी चालवलेल्या माणसाला हे जास्त समजवावं लागणार नाही.

माझं मत विचाराल तर जैसलमेर. रणात पक्षी भरपूर आहेत, रोहित, करकोचे, पण तुमचे बाबा पक्षी बघायला निघालेले नाहीत, एक पक्षी बघायला निघालेत. आणि माळावर तासन्‌तास बसायची त्यांना सवय आहे, ती आपल्यापैकी कितीजणांना आहे? गुडघ्यासाठी पाठ असलेलं फोल्डिंग स्टूल न्या, बिनपाठीचं नको. पहाटे पारा एक आकडी असतो, कानटोपी हवीच. सम गावाजवळच्या वाळूतल्या तंबूंत राहू नका, रात्री उशिरापर्यंत डीजे असतो. जैसलमेर शहरात किंवा खुरी गावात राहा.

येताना रेल्वेने जोधपूरला या. त्याच लाइनवर फलोदी लागतं आणि तिथून जेमतेम पाच-सहा किलोमीटरवर खिचन. हिवाळ्यात तिथे हजारोंनी कांड्या करकोचे उतरतात, कुरजां म्हणतात तिकडे. गावकरी त्यांना रोज दाणे टाकतात. गच्चीवर खुर्ची टाकून बघायचं, गुडघ्याचा प्रश्नच नाही. माळढोक दिसला नाही तरी बाबा रिकाम्या हाताने येणार नाहीत.

कडूलिंब

मत बदललं. खिचनचं माझ्या डोक्यातच नव्हतं. फक्त पाचातला एक दिवस राखीव ठेवा, सुदासरीला दोन सकाळी पाहिजेतच.

मेघना_बार्शी

खूप आभार. काल रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं. मैलाच्या दगडापाशी हसले, "बरोबर आहे, तसाच दिसतो" म्हणाले. तारांचं वाचलं तेव्हा काही बोलले नाहीत, उठून पाणी पिऊन आले. मग दहा मिनिटांनी विचारलं, "तिकडे थांबायला कुणी हटकत नाही ना?" नान्नजला एकदा चौकीदाराने शेळ्या चोरायला आलाय समजून पिटाळलं होतं म्हणे, हे मला कालच कळलं.

जाताना-येताना जोधपूरपर्यंत ट्रेन धरतेय, पुढे जैसलमेर. रण भावासाठी ठेवलं, त्याने जावं. जंक्शनकाका, आणखी काही राहिलं असेल तर सांगा.

मिरज_जंक्शन

लोअर बर्थ मागा. आणि तिकडे कुसळाच्या जागी भुरट असतं, ते मोज्यातून आत जातं आणि ओढलं की अर्धं तिथेच राहतं. जुने मोजे न्या, दोन जोड. एक तुमच्यासाठी.