सस्टेनेबिलिटीत करिअर, नागपुरात राहून जमेल का?

एन्व्हायर्नमेंटल सायन्समधे एमएस्सी करून राहिलो, शेवटचं वर्ष आहे. घरचे म्हणतात पुण्याला जा. पण मले इथंच काम करायचं आहे. कंपनी बरी की सरकारी?

उत्तर १: भाऊ, नागपुरातच नीरी आहे, पर्यावरणावर संशोधन करणारी १९५८ पासूनची राष्ट्रीय संस्था, तिथं प्रोजेक्टच्या जागा निघतात त्यावर लक्ष ठेव. आणि भांडेवाडीचा प्लांट समजून घे, शहराचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राले देतात, म्हणजे तेवढं धरणाचं पाणी वाचते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही केवढी मोठी गोष्ट आहे! असं काम मनपा, महाजेनको (राज्याची वीज बनवणारी कंपनी), इंजिनिअर सगळे एका टेबलावर बसल्याशिवाय होत नाही, आणि त्यांना बसवणारा माणूस लागतोच.

उत्तर २: मी कंपनीत सस्टेनेबिलिटीचंच काम करते. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून टॉप १००० लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर रिपोर्ट (पर्यावरण आणि समाजाबद्दलच्या जबाबदारीचा अहवाल) सक्तीचा केला, त्यामुळे जागा वाढल्या. पण नुसता रिपोर्ट भरू नको रे, प्लांटमधे जाऊन वीज-पाण्याचे मीटर स्वतः बघ, ऑपरेटरशी बोल. एक्सेल पक्कं कर.

उत्तर ३: वस्तीतलं काम विसरू नका. ओला-सुका कचरा वेगळा करायला घरोघरी फिरलो, तिथं जे शिकलो ते डिग्रीत नव्हतं.

प्रश्नकर्ता: भांडेवाडीचा प्लांट बघायला परवानगी कोणाकडून घ्यायची?