'रिहॅबिलिटेशन'ला पुनर्वसन म्हणायचं का? (द्राझा मिहाइलोविच आणि काही अडलेले शब्द)

दुसऱ्या महायुद्धातल्या युगोस्लावियावरचा एक लेख मराठीत करतोय. त्यात द्राझा मिहाइलोविच या सर्बियन गनिमी सेनानीबद्दल एक वाक्य आहे, की बेलग्रेडच्या कोर्टाने १४ मे २०१५ ला त्याचं रिहॅबिलिटेशन केलं. डिक्शनरी उघडली की पुनर्वसन मिळतं, पण त्या माणसाला १७ जुलै १९४६ लाच गोळ्या घातल्यात, कुठे पुरलं तेही आजवर सापडलेलं नाही, मग पुनर्वसन कसलं करणार? शिवाय त्याच्या गनिमी सैनिकांना चेटनिक लिहायचं की चेत्निक, आणि लेखात त्याला कोलॅबरेटर म्हटलंय तिथे फितूर चालेल का? जाणकारांनी प्लीज सांगा.

*

पुनर्वसन अजिबात नको. आपल्याकडे पुनर्वसन म्हटलं की कोयनेचे धरणग्रस्त आठवतात. वाचणाऱ्याला वाटेल बाबाला प्लॉट मिळाला. सरळ 'निर्दोष मुक्तता' लिहा ना.

*

निर्दोष मुक्तता त्याहून वाईट, कारण पुनर्वसन नुसतं विचित्र वाटतं, हे मात्र चक्क चुकीची माहिती देतं. कोर्टाने २०१५ मध्ये युद्धात काय घडलं ते परत तपासलंच नाही. तपासला तो १९४६ चा खटला. तो १० जूनला सुरू झाला, १५ जुलैला शिक्षा आणि दोन दिवसांत गोळ्या. कोर्टाचं म्हणणं एवढंच की तो खटला राजकीय आणि वैचारिक हेतूने चालवला, म्हणून निकाल रद्दबातल आणि नागरी हक्क परत. म्हणजे खटला वाईट होता असं म्हटलं, माणूस चांगला होता असं नाही म्हटलं. पण हा फरक सर्बियातल्या त्याच्या चाहत्यांनीही पाळला नाही आणि संतापलेल्या क्रोएशिया-बोस्नियातल्या लोकांनीही नाही, मग मराठी पेपरकडून काय अपेक्षा ठेवायची. तुम्ही 'शिक्षा रद्दबातल ठरवली आणि नागरी हक्क परत दिले' असं लिहा, लांब होतं पण खरं होतं.

आता चेत्निक. त लिहा, ट नको. सर्बियन त आपल्या त सारखाच दंत्य आहे, ट इंग्रजीवाटे घुसलाय. च चारमधला, चमच्यातला नाही. (चमच्यातला च हवा असेल तर तो क्रागुयेवाच या शहराच्या नावात शेवटी आहे.) मूळ शब्द चेता म्हणजे तुकडी, टोळी, आणि निक म्हणजे त्यातला माणूस, तोच स्पुतनिकमधला निक. आपल्या चेतनेशी काही संबंध नाही, कोणीतरी लावायच्या आत सांगून ठेवतो :) शब्द मिहाइलोविचचा नाही, १९०४ च्या सुमारास मॅसेडोनियात तुर्कांविरुद्ध लढणाऱ्या सर्ब टोळ्यांना चेत्निक म्हणायचे आणि तेव्हा ते नाव मानाचं होतं. आपल्या गनिमी काव्याचा प्रवास बरोबर उलटा झाला. गनीम म्हणजे शत्रू, मोगल मराठ्यांना गनीम म्हणायचे, आपण तो शब्द अभिमानाने घेतला. चेत्निक मानाचा होता आणि आज क्रोएट किंवा बोस्नियाक (म्हणजे बोस्नियातल्या मुस्लिम) माणसाच्या तोंडी ती सरळसरळ शिवी आहे, १९९० च्या दशकातल्या युद्धात कुठल्याही सर्ब सैनिकाला चेत्निक म्हणायचे आणि काही सर्ब स्वतःच हौसेने म्हणवून घ्यायचे. त्यामुळे तुमच्या लेखात चेत्निक आला की कुठल्या सालातला आणि कोणाच्या तोंडचा ते वाक्यातच कळलं पाहिजे.

*

मस्त माहिती. पण फितूरचं काय? माझ्या मते फितूर एकदम परफेक्ट. त्याच्या लोकांनी इटालियनांकडून शस्त्रं घेतली, धान्य घेतलं आणि कम्युनिस्ट पुढारी टिटोच्या पार्टिझनांविरुद्ध, म्हणजे त्याच्या गनिमी फौजेविरुद्ध लढले, १९४३ ला नेरेत्वा नदीवरच्या लढाईत तर इटालियनांच्या बाजूने उतरले. अजून फितुरी ती काय असते?

*

वरचे, तुम्ही अर्धीच गोष्ट सांगताय. एप्रिल १९४१ मध्ये युगोस्लाव्ह सैन्याने ११ दिवसांत शरणागती पत्करली तेव्हा हा कर्नल शरण न जाता मूठभर लोक घेऊन बोस्नियातून निघाला आणि मे महिन्यात पश्चिम सर्बियातल्या रावना गोरावर पोचला. युरोपात तेव्हा कोण उभं होतं हिटलरसमोर? लंडनमधल्या युगोस्लाव्ह सरकारने त्याला जानेवारी १९४२ मध्ये युद्धमंत्री केलं, टाइम मासिकाच्या कव्हरवर आला. १९४४ मध्ये पाडल्या गेलेल्या विमानांतले चारशेच्या वर दोस्त वैमानिक त्याच्या माणसांनी खेडोपाडी लपवून ठेवले आणि प्रान्यानी गावाजवळ हातांनी धावपट्टी करून अमेरिकन विमानांतून बाहेर काढले. ट्रुमनने १९४८ मध्ये त्याला मरणोत्तर लीजन ऑफ मेरिट दिलं, फक्त टिटोला राग नको म्हणून ते १९६७ पर्यंत गुपित ठेवलं, आणि पदक लेकीच्या हातात पडलं ते २००५ मध्ये. फितुराला अमेरिका पदक देते होय?

*

दोघांचंही खरं आहे आणि म्हणूनच फितूर नको.

मराठीत फितूर म्हणजे शत्रूने आतून फोडलेला माणूस, रात्री किल्ल्याचा दरवाजा उघडून देणारा. मिहाइलोविचला जर्मनांनी फोडलं नव्हतं. ११ नोव्हेंबर १९४१ ला दिवचीला जर्मन अधिकाऱ्यांना भेटला, त्यांनी शरण ये म्हटलं, काही जमलं नाही. जुलै १९४३ मध्ये जर्मनांनी टिटो आणि मिहाइलोविच दोघांच्या डोक्यावर प्रत्येकी १ लाख सोन्याच्या मार्कांचं बक्षीस लावलं होतं.

पण म्हणून तो सुटत नाही. त्याचं गणित असं होतं की दोस्तांचं सैन्य बाल्कनमध्ये उतरेपर्यंत दम धरायचा, कारण एक जर्मन मेला की जर्मन शंभर माणसं मारत होते आणि ही धमकी नव्हती, क्रागुयेवाचला ऑक्टोबर १९४१ मध्ये दोन दिवसांत अडीच हजारांहून जास्त लोक मारले. टिटो म्हणायचा तरी लढायचं. दोघं दोनदा भेटले, सप्टेंबरमध्ये स्त्रुगानिकला आणि ऑक्टोबरअखेर ब्रायिचीला, आणि नोव्हेंबर लागताच एकमेकांवर गोळ्या झाडायला लागले. तिथून पुढे त्याच्या लेखी पहिला शत्रू कम्युनिस्ट झाला, जर्मन नंतर. त्याचे प्रांतोप्रांतीचे सरदार इटालियनांशी हातमिळवणी करत गेले आणि हा ते चालवून घेत गेला. फेब्रुवारी १९४३ च्या अखेरीस मॉन्टेनेग्रोत एका ब्रिटिश कर्नलच्या देखत भाषणात बोलून बसला की मला पुरेशी मदत फक्त इटालियनच करतात, आणि शत्रूंची यादी देताना उस्ताशा (क्रोएट फॅसिस्ट), पार्टिझन, मुसलमान, क्रोएट पहिले आणि जर्मन-इटालियन नंतर. लंडनला ते कळल्यावर काय झालं असेल कल्पना करा. त्याच वर्षाच्या शेवटी तेहरानला दोस्तांच्या परिषदेत टिटोलाच मदत द्यायचं ठरलं, आणि सप्टेंबर १९४४ मध्ये तर त्याच्या स्वतःच्या राजाने रेडिओवरून सगळ्यांना टिटोकडे जा म्हणून सांगितलं.

आणि पदकवाल्या मित्राने एक गोष्ट वगळली. जानेवारी-फेब्रुवारी १९४३ मध्ये चेत्निकांनी प्लेव्ल्या, फोचा, चायनिचे भागात मुस्लिम गावं कापून काढली. पावले जुरिशिच या त्याच्या कमांडरने मिहाइलोविचलाच पाठवलेल्या रिपोर्टमध्ये आकडा दिलाय, सुमारे १२०० लढणारे आणि सुमारे ८००० बायका, म्हातारे, मुलं. आकडा फुगवलेला असेल असं म्हणणारे आहेत, पण रिपोर्ट फुशारकीने लिहिलाय हेच जास्त भयंकर नाही का? उस्ताशांनी सर्बांची कत्तल केली होती हे खरंच, यासेनोवात्सचा कॅम्प त्यांचाच, पण फोच्याच्या बायकांनी तो चालवला नव्हता. या सगळ्याला कोलॅबरेटर हा शब्द पुरतच नाही, मराठीतला फितूर तर नाहीच नाही.

म्हणून माझं मत, मिहाइलोविचला नाम चिकटवू नका, क्रियापद वापरा. कोणी, कोणाशी, कुठल्या वर्षी. 'त्याच्या हाताखालच्या तुकड्यांनी १९४२ पासून इटालियनांशी हातमिळवणी केली आणि त्याने ती चालू दिली.' असं लिहिलं तर सर्ब वाचकही खोटं म्हणू शकणार नाही आणि बोस्नियाकही.

*

खूप आभार सगळ्यांचे, हातमिळवणी घेतो. अजून दोन अडलेत. खटल्याच्या शेवटचं त्याचं वाक्य आहे, मला खूप काही हवं होतं, खूप काही सुरू केलं, पण जगाच्या 'विहोर'ने मला आणि माझ्या कामाला उडवून नेलं. तिथे वावटळ लिहिलंय. आणि लेखात चेत्निक पुढाऱ्यांना व्होयवोदा म्हटलंय, त्याला सरदार?

*

वावटळ आपल्याकडे उन्हाळ्यात पाचोळा फिरवते तेवढीच, तिथे झंझावात घ्या. पण एक सांगू, ते वाक्य कितीही सुंदर असलं तरी लेखाच्या शेवटी ठेवू नका, उगाच सगळं वाऱ्यावर ढकलल्यासारखं होतं.

व्होयवोदा तसाच ठेवा. शब्दशः सैन्य नेणारा, म्हणजे सेनापती जवळचा, पण चेत्निकांत ती पदवी आहे, देतात-घेतात. शेशेल्य या सर्ब राष्ट्रवादी पुढाऱ्याला १९८९ मध्ये अमेरिकेत बसलेल्या एका जुन्या चेत्निक व्होयवोदाने ती दिली आणि पुढे १९९८ मध्ये काढूनही घेतली. सरदार म्हटलं तर हे देणं-घेणं वाचकाला कळणार नाही. पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत अर्थ सांगा आणि पुढे बिनधास्त वापरा. लेख झाला की इथे टाका.