मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती? आपले अनुभव लिहा

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर आहे. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला, तर तो पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया असा चढत जाऊन आइसलंड आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकापासून खाली उतरतो. विमान मात्र त्या दोऱ्यावरून जाईलच असे नाही. ज्यांनी हा प्रवास केला आहे, त्यांनी घरापासून घरापर्यंत किती वेळ लागला, ते सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात मीच करतो.

गेल्या दहा वर्षांत मी कामानिमित्त अनेकदा थेट विमानाने गेलो आहे. जाताना सुमारे सोळा तास लागतात आणि येताना साधारण दीड तास वाचतो, कारण दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा जाताना समोरून येतो आणि येताना पाठीशी असतो. 24 एप्रिल 2025 रोजी पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा दिल्लीकरांना मोठा वळसा पडला. मुंबईहून निदान अरबी समुद्रावरून निघता येते. (पुणे)

लेकीच्या बाळंतपणासाठी मी प्रथमच गेले. कसारा घाटातील खोळंबा धरून मुंबई विमानतळ गाठायला पाच तास, तिथे तीन तास आणि मग सोळा तास. रात्री दीडला सुटलेले विमान तिथल्या घड्याळाप्रमाणे त्याच सकाळी आठला उतरले! गंमत अशी की त्या दिवशी संकष्टी होती. न्यू जर्सीत चंद्रोदय होईपर्यंत नाशिकला दुसरी सकाळ उजाडून गेली होती, म्हणजे माझा उपवास साडेनऊ तासांनी लांबला. उपवास कोणत्या गावच्या चंद्राने सोडायचा, यावर जावयांशी थोडी चर्चा झाली. भुकेपुढे मी फार ताणले नाही. (नाशिक)

आम्ही दुबईमार्गे जातो. मुंबई-दुबई सुमारे 1,900 आणि दुबई-न्यूयॉर्क सुमारे 11,000 किलोमीटर, म्हणजे अंतर फारसे वाढत नाही. वेळ खातो तो मधला सहा तासांचा थांबा. तरीही सत्तरीतल्या गुडघ्यांना तो मानवतो, आणि तिकीटही बहुधा स्वस्त पडते. (ठाणे)

माझा अनुभव थोडक्यात सांगतो. वडील गेल्याचा फोन आला, तेव्हा भावाने एवढेच विचारले, की किती तास थांबायचे. पुढचे विमान अकरा तासांनी होते, प्रवास पंधरा तासांचा आणि मुंबईहून सांगलीपर्यंत आणखी आठ-नऊ तास. मी दोनदा बेरीज केली आणि थांबू नका, असे कळवले. (सांगली, सध्या न्यू जर्सी)