प्रति: प्राकृतिक आणि मानवी भूगोल वेगळे शिकवावेत का?

पहिल्या वर्षाला दोन्ही भाग स्वतंत्र शिकवावेत, असं वर म्हटलंय. गोव्यात तरी मला हे मुळीच पटत नाही. मांडवी-झुवारी नद्यांकाठची खाजनं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतं, बघा. भरतीचं खारं पाणी मानशीची (बांधातल्या पाणी सोडायच्या मोरीची) दारं आपल्या दाबानेच बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ती उघडून बाहेर पडतं. म्हणून तिथे कोरगुटसारखं खारटपणा सोसणारं भात पिकतं. हा झाला प्राकृतिक भाग? पण बांध राखायची ती गावकरी, म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणारी जुनी संस्था! १९६४च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. बांध फुटला की आधी खारं पाणी, मागोमाग खारफुटी. मुलांना नकाशा देऊन तिथे न्याच, शक्यतो पौर्णिमेच्या उधाणाला.