वाईत दीड दिवस: नुसतं ढोल्या गणपती करून निघायचं का?

कट्ट्यावरचा_पम्या: मंडळी, पुढच्या शनिवारी वाईला जातोय, आईबाबा (दोघंही सत्तरीपुढचे) आणि दोन पोरं, वय ९ आणि १२. दरवेळी महाबळेश्वरला जाताना गणपतीला हात जोडून पसरणी घाट चढायला लागतो, या वेळी ठरवलंय वर जायचंच नाही. बाबांना इतिहासाचं वेड आहे, पोरांना पाण्यात डुंबायचंय, आईला शांत बसायचंय. जमेल का? आणि वाईजवळच्या मेणवलीची ती मोठी घंटा इंग्रजांनी नाना फडणवीसांना भेट दिलेली ना?

गंगापुरीकर: घंटेचं आधी निस्तरतो, इंग्रजांचा काही संबंध नाही हो, ती पोर्तुगीजांची. चिमाजीअप्पांनी १७३९ ला वसई घेतली तेव्हा तिकडच्या चर्चमधल्या घंटा आल्या त्यातली एक. नीट बघितलंत तर तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत, १७०७ साल पण आहे. नदीकाठी महादेवाचं देऊळ, शेजारी ही घंटा, पोरांना येशू शोधायला लावा, अर्धा तास कुठे गेला कळत नाही. नाना फडणवीसांचा वाडा बघून मग मागच्या बाजूने नदीचा घाट उतरा, उलटं करू नका. बाबांना सांगा पायऱ्या आहेत, काठी घ्या.

आता गणपती. १७६२ चं देऊळ, रास्त्यांनी बांधलेलं, सगळे पुढून दर्शन घेतात आणि सटकतात, मागची भिंत कोणी बघत नाही! ती माशासारखी निमुळती केलीय, पूर आला की पाणी भिंतीवर न आदळता दोन्ही बाजूंनी फाटून जातं. आमचे आजोबा म्हणायचे पुढे गणपती आणि मागे इंजिनियर. शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळ पण रास्त्यांचंच, तिथला काळा नंदी बघाच.

धोमवाली_सुनंदा: डुंबायचं म्हणताय ते जरा जपून. वर धोम धरण आहे, पाणी सोडलं की नदी बघता बघता चढते, आणि घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळं. आम्ही लहानपणी पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलो ते खरं, पण तेव्हा काठावर दहा मोठी माणसं असायची. पोरांना गुडघाभर पाण्यात पाय सोडून बसवा, तेवढं पुरे. त्यापेक्षा धोमला घेऊन या, नरसिंहाचं देऊळ आहे आणि महादेवापुढे दगडी कमळाच्या कुंडात कासवाच्या पाठीवर नंदी बसलाय, कुंड भरलेलं असलं की नंदी तरंगतोय असं वाटतं. माझ्या भाच्याने तिथून हलायला नकार दिला होता 😄

पेठेतला_नाना: सुनंदाताई +१. आणि पम्याभाऊ, तारीख थोडी पुढे ढकलता आली तर थंडी सरता सरता या, कृष्णाबाईचा, म्हणजे आपल्या कृष्णा नदीचा, उत्सव असतो. अफझलखानाचं संकट टळावं म्हणून नदीला नवस बोलले अशी कथा सांगतात. प्रत्येक घाटाची कृष्णाबाई वेगळी, एका घाटाचं उरकलं की दुसऱ्याचं. नदीकाठी मांडव, कीर्तन, गाणं, जेवणाच्या पंगती. टीव्ही नव्हता तेव्हा गावाची करमणूक म्हणजे हीच, आणि कुठल्या आळीचा उत्सव भारी यावरून अजून भांडणं होतात (आमचाच भारी).

गंगापुरीकर: नाना, पुन्हा सुरू झालात 😂 रंगपंचमीला बावधनचं बगाड (नवसाच्या माणसाला उंच लाकडाला टांगून नेतात तो रथ) पण असतं, सोनेश्वरहून निघतं, बैल ओढतात. पण त्या गर्दीत आईबाबांना आणि पोरांना अजिबात नको, रस्ते जाम होतात.

बाबांसाठी अजून एक, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींची कर्मभूमी ही, प्राज्ञपाठशाळा इथलीच, मराठी विश्वकोशाचं काम इथेच चाललं. एवढ्याशा गावात बसून अख्ख्या मराठीचा ज्ञानकोश, बाबा खूष होतील.

कट्ट्यावरचा_पम्या: अरे भारीच, सगळ्यांचे आभार. मग असं करतो, शनिवारी सकाळी मेणवली, दुपारी जेवून झोप (बाबा ऐकणार नाहीत), संध्याकाळी गणपती घाटावर आईला बसवतो. रविवारी धोम. डबा बांधून पोहायचं पोरांना वाचून दाखवलं तर धाकटा विचारतोय डबा ऑनलाइन मिळतो का.

धोमवाली_सुनंदा: त्याला म्हणावं तेलाचा रिकामा डबा लागतो, झाकण डाग देऊन बंद केलेला. आणि शनिवारी घाटावर सहाच्या आत पोचा, उन्हं उतरताना.